स्टेपनी मोठी, दार फाटलं, आणि मुदत कुठून मोजायची

प्रश्न थोडक्यात असा. गाडी ऑफ-रोडर, मागचं दार बाजूला उघडणारं, स्टेपनी दारावरच. मालकाने पाचही टायर एकदम बदलून 33 इंची मड-टेरेन (चिखल-दगडात चालणारे जाड नक्षीचे टायर) घेतले, पाचवा दारावर नीट बसेना म्हणून ॲक्सेसरीजवाल्याने ब्रॅकेटला स्पेसर (मध्ये अंतर ठेवणारा तुकडा) टाकून तो बाहेर काढून बसवला. वर्षभराने दार खाली बसलं, लॉक लागेना, आतलं ट्रिम काढलं तर ब्रॅकेटच्या खालच्या बोल्टच्या भोकापासून बिजागरीकडे पत्रा फाटत गेलेला. सर्विस सेंटरने वॉरंटी नाकारली, त्याला 22 महिने झाले. तेव्हापासून फोन, मेल, व्हॉट्सॲप चालूच. आता मागच्या महिन्यात कंपनीकडून परत नकाराचा मेल आला, तर वाचक विचारतायत की या मेलपासून दोन वर्षं मिळतील ना, म्हणजे जरा निवांतपणे केस करता येईल.

नाही मिळणार, निदान तसं धरून तरी चालू नका.

असे प्रश्न सारखे येतात, कधी टायर असतो, कधी लाइटबार, कधी बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, गोष्ट तीच. मॉडिफिकेशन केलं की वॉरंटीवर गदा येते वगैरे मी परत सांगत बसत नाही, ते तुम्हाला टायर घेतानाच माहीत होतं आणि दुकानदार "काही होत नाही साहेब" म्हणाला तेव्हा तुम्हाला ते ऐकायचंच होतं. ते सोडा. तुमचं सगळं प्रकरण आज एका तारखेवर उभं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. कारण घडलं म्हणजे काय, तर तुम्हाला दोष कळला आणि समोरच्याने जबाबदारी झटकली तो दिवस. तुमच्या बाबतीत तो जॉब कार्डवर, म्हणजे सर्विस सेंटरच्या कामाच्या कागदावर, लिहिलेला आहे. फोटो बघितला मी, रिमार्कच्या रकान्यात पेनने "ओव्हरसाइझ स्पेअर, नॉट अंडर वॉरंटी" असं लिहिलंय आणि खाली "ग्राहकाला समजावून सांगितले" याच्यापुढे कोणाचीतरी सही सुरू होते, नंतर फोटोच कापलेला. ती सही तुमचीच असणार असं मी धरून चालतो. पूर्ण कागद बघायचा होता हो, अर्धा पाठवून काय उपयोग.

समोरचा वकील हे कार्ड पहिल्याच दिवशी काढणार. मग तुम्ही म्हणाल पण मी पाठपुरावा करत होतो. पाठपुराव्याने मुदत वाढत नाही. पन्नास मेल टाकले तरी पहिला नकार तो नकार, आणि त्याच नकाराची परत कॉपी पाठवली म्हणून घड्याळ शून्यावर येत नाही. फक्त एक फट आहे. त्याच कार्डावर किंवा लगेच नंतरच्या मेलमध्ये "कंपनीकडे मंजुरीसाठी पाठवलंय, निर्णय कळवू" असं काही लेखी असेल, तर पहिला नकार अंतिम नव्हता आणि खरा नकार नंतर आला असं मांडता येईल. मांडता येईल म्हणतोय, टिकेलच असं नाही. म्हणून तो मुद्दा बॅकअपला ठेवा आणि जॉब कार्डच्या तारखेपासून दोन वर्षं धरून, उरलेल्या दोन महिन्यांच्या आत फाइल करा.

उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, त्याच कलमात सोय आहे, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि ग्राहक आयोगाला ते मान्य करताना कारणं नोंदवावी लागतात. "ते बघतो बघतो म्हणत होते" हे पुरेसं कारण आहे की नाही हे त्या दिवशी समोर कोण बसलंय त्यावर. आणि गंमत बघा, तुम्हाला दहा दिवस उशीर झाला तर शपथपत्र, आणि कायद्यात स्वच्छ लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, त्या प्रकरणांना वर्षानुवर्षं तारखा पडतात त्याचं शपथपत्र कोणी मागत नाही. असो.

वकिलाची नोटीस पाठवायची तर पाठवा, पण ग्राहक तक्रारीसाठी ती सक्तीची नाही, त्यामुळे नोटिशीचं उत्तर यायची वाट बघत त्यात महिना घालवू नका. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही होते. फक्त गाडीला मोजलेली मूळ रक्कम 50 लाखांच्या वर असेल तर राज्य आयोग. इथे तुमच्या दाराचा खर्च किती हे बघत नाहीत, वस्तूसाठी दिलेली रक्कम बघतात, लोक इथे हमखास चुकतात.

आता तक्रारीत काय लिहायचं. कोणीतरी तुम्हाला प्रॉडक्ट लायबिलिटी, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीची भरपाई, लावायला सांगितलंय, ते लावू नका. त्यासाठी कायद्यात "हानी" या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यातून खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे, म्हणजे दारामुळे माणसाला लागलं असतं तर ते कलम, दारच फाटलं तर नाही. वरून कलम 87 मध्ये वस्तूत बदल केला असेल तर विक्रेत्याला सरळ बचाव मिळतो. तुम्ही साधं वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी एवढंच लिहा. तसंच "वॉरंटीची अट अन्यायकारक आहे" असं भावनेच्या भरात ठोकू नका, अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगाच्या हातात नाही, ती राज्य आयोगापासून सुरू होते आणि तुमची तक्रार अधिकार नाही म्हणून परत आली तर ते दोन महिने गेलेच समजा. त्यापेक्षा अट आहे तशीच घ्या आणि म्हणा की अट मान्य, पण पत्रा मोठ्या टायरमुळेच फाटला हे कंपनीने दाखवावं.

वॉरंटी बुकमधलं ते वाक्य नीट वाचा. "बदलामुळे झालेलं नुकसान" असं असेल तर कारण आणि परिणाम जोडायला लागतात आणि तुम्हाला बोलायला जागा आहे. "बदल केल्यास संबंधित भागाची वॉरंटी रद्द" असं असेल तर अवघड आहे, खोटी आशा देत नाही.

अवघड का, तर तांत्रिक बाजूही तुमच्या विरुद्ध जाऊ शकते. 33 इंची मड-टेरेन रिमसकट सहज 35 किलोच्या पुढे जाऊ शकतो. आणि नुसतं वजन नाही, स्पेसरने टायर पत्र्यापासून जितका लांब गेला तितका त्या चार बोल्टवर पिळा वाढला, खड्ड्यात गाडी आपटली की तोच भार क्षणभर कितीतरी पट होतो, आणि दार एका बाजूच्या बिजागरीवर लटकलेलं. काही कंपन्या मोठ्या स्टेपनीसाठी दाराच्या मजबुतीचं वेगळं किट विकतात, ते तुमच्या कंपनीचं आहे का बघा. असेल तर दुधारी आहे, ते म्हणतील किट का नाही लावलं, तुम्ही म्हणाल डीलरला मोठे टायर दिसत होते, आधीच्या दोन सर्विसिंगला एकदाही का नाही सांगितलं. त्या दोन सर्विसिंगची जॉब कार्डं शोधा, त्यात टायरबद्दल काहीच शेरा नसेल तर मला ती तुमच्या सगळ्या मेलपेक्षा जास्त कामाची वाटतात.

याच कारणासाठी दार दुरुस्त करू नका, वेल्डिंग तर नाहीच नाही. कलम 38 खाली आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, अहवाल 45 दिवसांत यायचा असतो, फी आधी तुम्हाला भरावी लागते. पत्रा मुळात पातळ किंवा सदोष होता की जादा भाराने फाटला हे तिथे कळेल. वेल्ड मारलं की तपासायला उरतं काय. बाजारातून पॅनल आणून बसवलं आणि जुनं भंगारात दिलं असं केलेला माणूसही माझ्याकडे येऊन गेलाय, काय बोलणार.

ॲक्सेसरीजवाल्याला पण सामनेवाला करा. कंपनी म्हणणार फिटिंगमुळे झालं, मग फिटिंगवाला समोर हवाच. "दोष कंपनीचा, नाहीतर फिटिंगवाल्याचा" असं पर्यायी मांडता येतं. तुमच्याकडे पक्कं बिल नाही हे वाचून मी कपाळावर हात मारला, निदान ऑनलाइन पेमेंटची नोंद आणि त्याच्याशी झालेलं चॅट जपा. तो म्हणेल टायर बसवून तीन वर्षं होत आली, मुदत संपली. उत्तर हे की फाट कळली तेव्हा कारण घडलं. बऱ्यापैकी टिकण्यासारखं आहे, पण घासूनच.

इन्शुरन्समधून काही निघेल असं वाटत नाही. झीज, बिघाड, मोडतोड हे पॉलिसीतून वगळलेलंच असतं, अपघात झालेला नाहीये. उगाच अपघात दाखवून क्लेम टाकू नका, तुमचंच जॉब कार्ड त्याच्या विरुद्ध पुरावा आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पण ते तुमच्यावर उलटवतील, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करता येत नाही असं स्पष्ट केलंय, आणि कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही सांगितलंय. नुसता टायरचा साइझ त्यात कितपत बसतो यावर वाद घालता येतो. पण स्टेपनीने नंबर प्लेट किंवा ब्रेक लाइट झाकला जात असेल तर तो वाद घालायला जाऊ नका, आधी ते नीट करा.

आणि शेवटचं, हे आजच करायचं. ती स्टेपनी दारावरून उतरवा. उतरवण्याआधी चारी बाजूंनी फोटो, व्हिडिओ, स्पेसरचं माप पट्टी लावून, उतरवल्यावर वजनकाट्यावर टायरचं वजन, सगळं तारखेसकट. पत्रा फाटलाय हे तुम्हाला 22 महिन्यांपासून माहीत आहे आणि ते तुमच्या सहीने लिहून ठेवलंय. चालू रस्त्यात तो टायर सुटून मागच्या बाइकवाल्यावर पडला आणि माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागेल, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मला माहीत नव्हतं हे म्हणायची सोय तुम्हाला नाही. टायर तात्पुरता आत, मागच्या सीटमागे नीट बांधून ठेवा.