कंसातलं एटीएम कार्ड

ताई,

मी २९ वर्षांचा, सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो. लग्न झालंय, आठ महिन्यांचा मुलगा आहे. आई ५५ वर्षांची, सरकारी दवाखान्यात सिस्टर, तीस वर्षांची सर्व्हिस. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आईबद्दल आदर आहेच, पण अलीकडे तिचं वागणं अवघड झालंय. तिला पक्षी बघायचा नाद लागलाय. नाइट उतरली की झोपायचं सोडून ग्रुपबरोबर हिप्परगा तलावावर जाते, ऑफ असला की नान्नजच्या माळावर. मध्यंतरी दुर्बिणीसाठी सहा हजार मागितले (तिचं एटीएम माझ्याकडे असतं, सोयीसाठी). मी म्हटलं, या वयात कशाला? तर दोन दिवस बोलली नाही. शिवाय प्रत्येक गोष्टीत तिचं मत. गड्ड्याच्या जत्रेला सासुरवाडीची माणसं आली होती. सासऱ्यांना अशक्तपणा वाटतो म्हणून सलाइन लावून घ्यायची होती, तर चारचौघांत म्हणाली, "त्यात काही नसतं, भाकरी खा." सासूबाईंना मिश्री सोडायला सांगितली. बाळाचा पापा घ्यायला आलेल्या मावशींना आधी हात धुवून या म्हणाली. बायकोला फार अवघडल्यासारखं होतं. तीन वर्षांनी आई रिटायर होईल, तेव्हा जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायचा विचार आहे. तोवर तिनं जरा घरात रमावं असं वाटतं. तिला कसं समजावू?

– एक मुलगा, सोलापूर

तू पक्ष्यांबद्दल लिहिलंस, सासुरवाडीबद्दल त्याहून जास्त लिहिलंस, आणि आईच्या पगाराला एक कंस दिलास. माझं मन त्या कंसातच अडकलंय. तुझ्या आईचं एटीएम कार्ड तुझ्याकडे का आहे?

सोयीसाठी, म्हणतोस. तिची सोय असती तर सहा हजारांसाठी तिला तुझ्यापुढे उभं राहावं लागलं नसतं. पैसे तिचे, रात्री जागून मिळवलेले, आणि द्यायचे की नाही ते तू ठरवलंस. वर तिच्या वयाचा दाखला दिलास. त्यानंतर ती दोन दिवस बोलली नाही, याचं तुला नवल वाटतंय. मला नवल याचं वाटतं की ती तिसऱ्या दिवशी बोलली.

हे सुरू कसं झालं असेल याचा मला अंदाज आहे. वडील गेले तेव्हा तू तेविशीतला होतास. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, विम्याची आणि बँकेची धावपळ तूच केली असशील. आईच्या ड्युट्या चालूच होत्या, म्हणून कार्ड तुझ्या पाकिटात आलं. त्या वेळी तो आधार होता. पण तेराव्यानंतर, वर्षश्राद्धानंतर, तुझ्या लग्नानंतर, बाळाच्या बारशानंतर, एकदाही ते परत द्यावंसं वाटलं नाही?

तुझी आई दवाखान्यात काय सांभाळते, हे तुला ठाऊक आहे का? वॉर्डात मॉर्फिनसारखी औषधं कुलपात ठेवतात. त्या कपाटाची किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे असते. ड्युटी बदलताना एकेक अँप्युल मोजायची, रजिस्टरला लिहायची, सही करायची, मगच चार्ज द्यायचा. एक कमी भरली तरी चौकशी लागते. जिच्या सहीवर दवाखाना हे कपाट सोपवतो, तिच्या हाती स्वतःच्या घरात स्वतःच्या पगाराचं कार्ड नाही. तू अकाउंट्स बघतोस, म्हणून हिशेब तुला जास्त कळतो असं धरून चालला असशील. सलाइनची ५०० मिलीची बाटली चार तासांत संपवायची असेल तर साध्या सेटमधून मिनिटाला साधारण ४२ थेंब पडायला हवेत. हे गणित ती रात्री तीन वाजता, हातातल्या घड्याळाकडे बघत, उभ्या उभ्या करते. वेग चुकला आणि पेशंटचं हृदय कमजोर असलं, तर फुप्फुसात पाणी साठून त्याला धाप लागते. अशा बाईला पैशांतलं कळत नाही?

आता तिच्या मतांचं. पाच टक्के ग्लुकोजच्या सलाइनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्यानं पाच चमचे. त्यातून मिळतात जेमतेम शंभर कॅलरी. नुसत्या मिठाच्या पाण्याची बाटली असेल तर तेवढ्याही नाहीत. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलेल्याला ती लागते, ज्याला तोंडानं घेता येत नाही त्याला लागते. गड्डा फिरून येणाऱ्या माणसाला नाही. मालदांडी ज्वारीच्या एका भाकरीत त्या बाटलीपेक्षा जास्त ताकद आहे, आणि भाकरीसाठी सुई टोचून घ्यावी लागत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. वॉर्डात तोंडाचे कॅन्सर पाहिलेल्या बाईनं समोर विहीणबाईंना दात घासताना बघायचं आणि गप्प बसायचं? आणि आठ महिन्यांच्या लेकराजवळ जाण्याआधी हात धुवा, हे मत नव्हेच. तुझ्या बाळाची ती काळजी आहे.

चारचौघांत म्हणायला नको होतं, असं मी म्हणावं, ही तुझी अपेक्षा दिसते. मी म्हणणार नाही. याच सासऱ्यांची शुगर रात्री वाढली तर पहिला फोन तुझ्या आईलाच येईल, आणि ती पायात चप्पल सरकवून निघेल. तेव्हा तिचं बोलणं कुणाला अवघड वाटणार नाही.

पक्ष्यांचं ऐकून मात्र मला फार बरं वाटलं. हिवाळ्यात हिप्परग्याच्या पाण्यावर पट्टकदंब हंस उतरतात, हिमालय ओलांडून आलेले. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं. माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट आहे, पण काळवीट दिसतात, गवतात चंडोल असतात, धाविक पक्षी पळताना दिसतो. रात्रभर तिचे डोळे सलाइनच्या थेंबांवर, मॉनिटरवर, श्वासानं हलणाऱ्या छात्यांवर असतात. क्षणभर नजर हटली तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, ही धास्ती घेऊन तीस वर्षं. माळावर पाखरू नजरेतून निसटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. तिला तेवढं मोकळं बघायला मिळतंय. नवरा गेल्यावर, मुलगा संसाराला लागल्यावर, तिनं स्वतःचं स्वतः हे शोधलं, चार माणसं जोडली. आणि तू म्हणतोस, घरात रम. नाइट उतरून आलेल्या बाईनं घरात रमायचं म्हणजे काय करायचं, हे तू लिहिलं नाहीस. मला वाटतं, बाळाला सांभाळायचं आणि स्वयंपाकाला हात लावायचा.

फ्लॅटचंही तू ओझरतं लिहिलंस. ५८ पूर्ण झाले की तिचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम, सगळं एका पाठोपाठ त्याच खात्यात येणार, ज्याचं कार्ड तुझ्या खिशात आहे. फ्लॅट कुणाच्या नावावर, पत्रात नाही. तिला विचारलंस का, तेही नाही. तू लबाड आहेस असं मी म्हणत नाही. पण सहा वर्षांत तुला तिचा पैसा घरचा वाटायला लागलाय आणि तिचा छंद खर्च वाटायला लागलाय. हे आत्ता थांबवलं नाहीस तर तीन वर्षांनी ती सहीपुरती उरेल.

तेव्हा तिला काय समजवायचं हे विचारू नकोस. आज ती ड्युटीवरून आली की कार्ड तिच्या हातात दे. पासबुक, चेकबुकही दे. सोबत भाषण नको. 'जपून वापर' नको, 'लागलं तर माझ्याकडे दे' तर अजिबात नको. माफी मागावीशी वाटली तर दुर्बिणीबद्दल माग, तेवढी पुरे. मग बँक उघडी असेल अशा तिच्या ऑफला तिच्याबरोबर शाखेत जा. खात्याचे मेसेज बहुधा तुझ्याच मोबाइलवर येत असतील. तो नंबर बदलून तिचा लाव. ती मशीनवर नवा पिन टाकेल तेव्हा तू बाहेर थांब. पिन घरच्यांनाही सांगू नये असं बँका सांगतात ते उगाच नाही. स्वतःहून पिन दुसऱ्याला दिला आणि पैसे गेले, तर तक्रार नोंदवेपर्यंतचा तोटा खातेदाराच्या माथी येतो. म्हणजे पाकीट तुझं हरवेल आणि भुर्दंड आईला.

पुढच्या महिन्यापासून घरखर्चाला किती द्यायचे ते ती ठरवेल. कमी वाटले तर तू आणि तुझी बायको मिळून तुमच्या कमाईत बसवा, तिच्याकडे वाढवून मागायला जाऊ नका. फ्लॅटचं बोलणं त्यानंतर, आणि तेही तिनं स्वतः काढलं तरच.