आयफोन १७, बारा हप्ते आणि भिशीचा आठवा नंबर

प्रश्न: वय २९, शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापणारं संगणकीय मशीन) ऑपरेटर आहे. ओव्हरटाइमचे ४,५०० धरून हातात ३१,५०० येतात. मोबाइलचा नाद आहे, लाँच असला की रात्री साडेदहाला सगळं सोडून बघत बसतो. २०१७, २०१९ आणि २०२१ मध्ये फोन बदलले. सध्याच्या गॅलॅक्सी ए५२ ला आता अपडेट येत नाहीत, त्यावर बँकेचं अ‍ॅप वापरायची भीती वाटते. आयफोन १७ घ्यायचा आहे. ८२,९०० रुपये, बारा महिने नो-कॉस्ट ईएमआय, क्रेडिट कार्डावर. सात वर्षं अपडेट धरले तर महिन्याला हजारसुद्धा पडत नाहीत. घरी १०,००० देतो, गाडीचा हप्ता ३,४०० (सहा राहिलेत), भिशी ५,००० (बारा जण, तीन महिने झाले, माझा नंबर आठवा), एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) ३,०००, पेट्रोल-किरकोळ ५,०००. बचत खात्यात ४०,००० आहेत. एसआयपी वर्षभर थांबवली तर हप्ता बसतो. घेऊ का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आत्ता घेऊ नका. फोन बदलायचं तुमचं कारण खरं आहे, पण ते कारण ८२,९०० रुपयांचं नाही.

‘महिन्याला हजारसुद्धा नाही’ हे गणित आधी बघू. सात वर्षांचा अंदाज अवास्तव नाही. २०१८ चे आयफोन एक्सएस आणि एक्सआर सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ ही आयफोनची नवी सिस्टिम आल्यावर अपडेटच्या यादीतून गळले, म्हणजे सात वर्षं चालले. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून तर सात वर्षांचं जाहीर आश्वासनच दिलंय. कंपनी सात वर्षं अपडेट देईल हो, पण तुम्ही सात वर्षं तो फोन वापराल का? २०१७, २०१९, २०२१ हे तुम्हीच लिहिलंय. दर सप्टेंबरला रात्री साडेदहाला नवीन मॉडेल बघणारा माणूस २०३२ पर्यंत आयफोन १७ खिशात ठेवेल, यावर मी तरी पैज लावणार नाही. तीन वर्षं धरा. तीन वर्षांनी विकून ३५ हजार आले असं समजलं, तरी ४७,९०० भागिले ३६, म्हणजे महिन्याला तेराशेच्या वर. तेही आयफोनला जुन्या बाजारात भाव मिळतो म्हणून.

आता हप्ता. ८२,९०० भागिले बारा, ६,९०८ रुपये. तुमच्या यादीतला सगळा खर्च २६,४०० होतो, उरतात ५,१००. एसआयपी थांबवली की ८,१००, म्हणून हप्ता ‘बसतो’. पण त्यात ओव्हरटाइमचे ४,५०० आहेत. शिरोलीत काम करता, त्यामुळे ऑर्डर कमी झाली की आधी काय बंद होतं ते मी सांगायला नको. ओव्हरटाइम गेला की हातात २७,०००, आणि एसआयपी बंद ठेवूनसुद्धा महिन्याला ३,३०८ रुपयांची तूट. मग ती कार्डावर जाते. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज लावणारी कार्डं सर्रास आहेत. बिल उशिरा भरल्याची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, राहते ती वेगळीच. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की तीच पहिली दिसते.

आणि नो-कॉस्टमध्येही कॉस्ट असते. बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. पण कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुम्ही भरता. १६ टक्के दर धरला तर ८२,९०० मध्ये साधारण ६,७५० रुपये व्याज दडलेलं असतं, त्यावर बाराशेच्या वर जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. दीड हजाराच्या आसपास जादा जातात. रक्कम फार मोठी नाही, पण राजारामपुरीत दुकानात जाल तेव्हा ‘ईएमआयवर किती?’ विचारायच्या आधी ‘एकरकमी दिले तर किती?’ विचारा. बऱ्याचदा दुसरा आकडा चांगला कमी असतो आणि तो आपणहून कोणी सांगत नाही.

एसआयपी थांबवली तर वीस वर्षांनी किती लाखांचं नुकसान, असले आकडे दाखवून मी घाबरवणार नाही. तसलं गणित रोजच्या चहावरही मांडता येतं. मला खटकतं ते एवढंच, की तुमच्याकडे आपोआप होणारी बचत हीच एक आहे. एकदा बंद केलेली एसआयपी तेराव्या महिन्याला परत सुरू करणारे कमी बघितलेत.

अपडेटची भीती मात्र थोडी उलगडून घ्या. ए५२ ला तीन अँड्रॉइड अपग्रेड आणि चार वर्षं सुरक्षा अपडेट ठरले होते. तो अँड्रॉइड १४ वर थांबला. याचा अर्थ उद्या जीपे बंद पडेल असा नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं बघा, ते कितीतरी वर्षं जुन्या अँड्रॉइडवरही चालतं. बँकांची अ‍ॅपही अँड्रॉइड १४ इतक्यात सोडणार नाहीत. प्ले स्टोअर आणि प्ले प्रोटेक्ट (गूगलची घातक अ‍ॅप शोधणारी तपासणी) यांचे अपडेट वेगळ्या वाटेने येत राहतात. पण सिस्टिममध्ये नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला आता कोणी नाही, हे खरं. म्हणून फोन बदला, पण आठवड्याभरात बदलायची घाई नाही. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल उघडू नका. लोकांची खाती रिकामी होतात ती बहुतेक अशा वाटेने, आणि माणसाने स्वतःच परवानगी दिली तर ८३ हजारांचा फोनही काही करू शकत नाही. बँकेची यूपीआय मर्यादाही अ‍ॅपमधून कमी करून ठेवा.

आता भिशी, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे. आठव्या महिन्यात ६०,००० हातात येतील. तोवर तुम्ही भरलेले असतील ४०,०००. उरलेले २०,००० पुढच्या चार महिन्यांत भरायचे आहेत, म्हणजे ते इतर सभासदांचे उसने. आपल्याकडे भिशी लागली की पूर्ण रक्कम आपलीच समजून उडवायची पद्धत आहे. फोनचं बजेट ४०,००० धरा आणि २०,००० बचत खात्यात टाका. भिशी लागल्यावर महिनाभरात गाडीचा हप्ताही संपतोय, ते ३,४०० मोकळे होतील. त्यातले दोन हजार एसआयपीत वाढवा, बाकीचे तुमचे.

४० हजारांत काय येतं? तुमच्यासारख्या माणसाला हे मी सांगणं म्हणजे पैलवानाला डाव शिकवणं. तरी एक उदाहरण. ७५-८० हजारांना आलेला एस२४ हा २०२५ च्या दसरा-दिवाळी सेलमध्ये ४० हजारांच्या आसपास उतरला होता. त्याच्या अपडेटची मुदत जानेवारी २०३१ पर्यंत आहे. तीन वर्षांनी तो फुकट देऊन टाकलात तरी महिन्याला अकराशे पडतात, विकलेल्या आयफोनपेक्षा कमी. एक लक्षात ठेवा, मुदत फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये किंवा सेकंडहँड घेताना मॉडेलचं लाँच वर्ष बघून उरलेली वर्षं मोजा. स्वस्त मिळालेल्या फोनला दीडच वर्ष उरलं असेल तर तो स्वस्त नाही.

मन आयफोनवरच असेल तर सप्टेंबरपर्यंत थांबा. २०२५ मध्ये १७ आला आणि ७९,९०० चा आयफोन १६ लगेच ६९,९०० झाला. आदल्या वर्षी १५ चंही तसंच झालं होतं. यंदाही होईल याची हमी कोणी देणार नाही, पण तोवर गाडीचे मोकळे झालेले पैसे साठलेले असतील आणि निम्म्याहून जास्त रक्कम रोख भरता येईल. उरलेल्यावर सहा महिन्यांचा हप्ता घेतलात तर माझी हरकत नाही.

जीएसटी कमी होण्याची वाट बघू नका. सप्टेंबर २०२५ च्या बदलात मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले, मोबाइल आधीच १८ वर होता, तिथेच राहिला.

ए५२ एक्सचेंजमध्ये फार काही देणार नाही. घरी वडिलांना कुस्त्यांचे व्हिडिओ बघायला द्या. त्याआधी तो रीसेट करा आणि त्यात बँकेचं किंवा यूपीआयचं कुठलंच अ‍ॅप ठेवू नका.