आईला भूल देताना नवं उपकरण वापरण्याच्या अभ्यासाला संमती द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, नळी घालायच्या नव्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या अभ्यासात घेऊ का असं भूलतज्ज्ञांनी विचारलंय आणि घरचे म्हणतात, "तिच्यावर प्रयोग नको." मी पुण्यात बावीस वर्षं भूल देतोय, असे अभ्यासही केलेत, म्हणून लिहितो.

श्वासनलिकेत नळी जाणार ती जाणारच. बदलतं ते नळीला वाट करून देण्यासाठी तोंडातून घशात घालायचं पातं. जुनं मॅकिंटॉश १९४३ सालचं. जीभ बाजूला सारून, उचलून, थेट डोळ्यांनी स्वरतंतू शोधायचे. नव्याच्या टोकाशी कॅमेरा असतो.

गोम अशी की दिसणं वेगळं आणि नळी जाणं वेगळं. पडद्यावर स्वरतंतू ताटात वाढल्यासारखे दिसतात आणि नळी नेमकी त्यांच्या तोंडाशी अडते. कॅमेरा वळणापलीकडे बघू शकतो, नळीला मात्र ते वळण घ्यावं लागतं. म्हणून 'किती छान दिसलं' एवढंच मोजणारा अभ्यास मला फारसा पटत नाही. पहिल्याच प्रयत्नात नळी गेली का, ऑक्सिजन किती उतरला, दाताला-घशाला इजा झाली का, हे बघायचं. वेळ मोजली असेल तर घड्याळ कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं तेही. माझ्या मते मॉनिटरवर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख उमटेपर्यंत नळी 'गेली' म्हणूच नये.

विक्रेते पुतळ्यावर काही सेकंदांत नळी घालून दाखवतात. पुतळ्याला लाळ सुटत नाही! एकदा थंडगार थिएटरमध्ये रुग्णाच्या उबदार श्वासाने भिंगच धुरकटलं. शेजारी मॅकिंटॉश तयार होतं म्हणून निभावलं. शिवाय अशा बऱ्याच अभ्यासांत अवघड गळे आधीच वगळतात. गुटख्याने ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, अशांना भूल देताना खरा घाम फुटतो, आणि सोप्या गळ्यांवरचा निकाल तिथे कामाचा नसतो.

तेव्हा भूलतज्ज्ञांना विचारा: नळी कोण घालणार? या उपकरणाने त्यांनी आजवर किती घातल्यात? किती प्रयत्नांनंतर ते बाजूला ठेवणार? उत्तरं सरळ मिळाली तर घाबरण्यासारखं काही नाही. टोलवाटोलवी झाली तर खुशाल नाही म्हणा, त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये. नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआयचा, म्हणजे अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांकही मागा, तो घरबसल्या तपासता येतो. आणि सही आईची हवी, तुमची नाही. तिला मराठीत समजावून सांगायला लावा.

तिचा एखादा दात हलत असेल किंवा कवळी असेल, तर ते मात्र आजच सांगून ठेवा, पातं कुठलंही असो.