बंदरावरचा एक दिवस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सिंगापूरहून केपटाउनला जाणाऱ्या क्रूझवर आम्ही उभयता आणि माझ्या ७२ वर्षांच्या सासूबाई असणार आहोत. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जहाज सकाळी ८ वाजता लागेल आणि संध्याकाळी ६ वाजता सुटेल. शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलाव आणि इल ओ सर्फ ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात होतील का? जहाजाचीच सहल घ्यावी की बाहेर टॅक्सी करावी? सासूबाईंचे गुडघे दुखतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: होणार नाहीत. मॉरिशस जेमतेम ६५ किलोमीटर लांबीचे बेट असल्यामुळे नकाशावर सारे हाताशी आल्यासारखे वाटते. परंतु शामारेल नैऋत्येच्या डोंगरात आहे, इल ओ सर्फ पूर्व किनाऱ्यापलीकडे असून तिथे होडीनेच जावे लागते, आणि परतताना राजधानीच्या तोंडाशी संध्याकाळची वाहतूक तुंबलेली असते. मी स्वतः एकदा हा हव्यास केला होता. त्या दिवसातले आज नीट आठवते ते टॅक्सीच्या पुढच्या सीटचे निळे कव्हर.

माझा सल्ला असा की पोर्ट लुई आणि तिथून सुमारे ११ किलोमीटरवरचे पांप्लमूस एवढ्यावरच दिवस घालवावा. सुरुवात बंदरालगतच्या आप्रवासी घाटापासून करावी. गुलामगिरी संपुष्टात येत असताना उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणण्यास १८३४ मध्ये सुरुवात झाली, आणि पुढच्या सुमारे ८० वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे या बेटावर उतरली. १८४९ मध्ये उभारलेल्या या ठाण्यावर त्यांची नोंद होत असे. २००६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इमारतीचा थोडाच भाग आता शिल्लक आहे. धक्क्यावरून वर येणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या मात्र आहेत, आणि त्या पाहण्यासाठी चढण्याची गरज नसल्याने सासूबाईंनाही अडचण पडू नये. या मजुरांत कोकणातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज घरी क्रिओल ही तिथली बोली बोलतात, तरी गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठी हा विषय घेता येतो. (गुजरातीत साखरेला ‘मोरस’ म्हणतात, तो शब्द या मॉरिशसवरूनच आलेला आहे.)

घाटापासून मध्यवर्ती बाजार जवळच आहे. तिथे धोल पुरी अवश्य खावी. भिजवून शिजवलेली पिवळी डाळ वाटून, हळद-जिरे घालून पोळीत भरतात आणि पातळ लाटतात. म्हणजे गूळ न घातलेली, रुमालासारखी मऊ पुरणपोळीच म्हणावी. विक्रेता दोन पुऱ्या एकावर एक ठेवतो, त्यांवर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि हिरवी चटणी घालतो आणि कागदात गुंडाळून हाती देतो. ती उभ्यानेच खायची असते. मिरची तिखट असते, तेव्हा सासूबाईंसाठी ती आधीच वगळायला सांगावी.

दुपारी पांप्लमूसच्या वनस्पती उद्यानात जावे. अठराव्या शतकात पिएर प्वाव्र या फ्रेंच गृहस्थाने लवंग-जायफळाची रोपे आणून ते नावारूपाला आणले. वाटा सपाट आणि सावलीच्या आहेत. परातीसारखी काठ वळलेली प्रचंड पाने असलेली कमळे तिथल्या लांबट तलावात आहेत. त्यांचे फूल पहिल्या रात्री पांढरे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. सासूबाईंना गंगा तलाव या तिथल्या हिंदू तीर्थाचीच ओढ असेल, तर पांप्लमूस सोडून केवळ तेवढेच करावे. तलाव उंचावर असल्याने तिथे गारवा आणि भुरभुर पाऊस असतो. अंगावर घ्यायला काही तरी जवळ ठेवावे.

आता टॅक्सीचे. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज आपल्या माणसांसाठी थांबते किंवा पुढची व्यवस्था करते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. लांबच्या ठिकाणी म्हणूनच जहाजाच्या सहलीचे जास्तीचे पैसे मोजणे मला योग्य वाटते. वर सुचवलेल्या जवळच्या फेरीला टॅक्सी पुरेशी आहे. मात्र थांबण्याच्या वेळेसह दिवसाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि पैसे परत आल्यावरच द्यावेत.

उतरण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्यावी: जहाजाचे घड्याळ स्थानिक वेळेवर आहे का? आपण पूर्वेकडून येत आहात. ते एक तास पुढेच राहिले असेल, तर फोनवर ४ वाजलेले दिसतील तेव्हा जहाजावर ५ वाजलेले असतील. शिवाय ६ ही जहाज सुटण्याची वेळ आहे. चढण्याची शेवटची वेळ त्याआधीची असते आणि ती आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात छापलेली असते.

प्रश्न: जहाजावरच्या न्याहारीतली फळे दुपारसाठी सोबत नेली तर चालतील का? आणि समुद्रात पोहता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: फळे नेऊ नयेत. बाहेरची कीड बेटावरच्या पिकांना लागू नये म्हणून फळे, भाज्या, बिया यांवर निर्बंध आहेत आणि बंदरावर पिशव्या तपासल्या जाऊ शकतात.

पोर्ट लुईला पोहण्याजोगा किनारा नाही. त्यासाठी उत्तरेला त्रू ओ बिश किंवा माँ श्वाझी इथे जावे. बेटाभोवती बहुतेक सर्वत्र प्रवाळाची भिंत असल्याने मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आत पाणी शांत असते. तरीही पायात रबरी बूट घालूनच उतरावे. तळाशी काटेरी समुद्री साळू असतात, आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासाही असतो. त्यावर पाय पडला तर पायाला सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.