आधी ढाल उलटी करा

प्रश्न : बैठकीच्या खोलीत लावायला एक जुनी ढाल घ्यायचं मनात आहे. दीड फुटाची, पोलादी. सोनेरी वेलबुट्टी, शिकारीची चित्रं, मधे सूर्याचं मुख, कडेने फारसी अक्षरं आणि चार पितळी फुलं. ‘पानिपतावर गेलेल्या सरदाराची’ असं सांगून विकणारा ८५ हजार मागतोय. पुढे ती अमेरिकेतल्या मुलीला द्यावी म्हणतो. फोटो पाठवले आहेत. घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही सात फोटो पाठवलेत आणि सातही पुढच्या बाजूचे आहेत. विकणाऱ्याने मागची बाजू दाखवली नसेल, तर आधी ती मागा. ढाल खरी की देखाव्याची, हे मागूनच कळतं. पुढची चार फुलं नुसती शोभेची नसतात. त्यांच्याखालचे रिवेट आरपार जाऊन मागच्या कड्या धरतात आणि त्या कड्यांत मुठीचे पट्टे ओवलेले असतात. बोटांचे सांधे टेकायला मधे कापडाची गादी असते. वापरातल्या ढालीची गादी घामाने काळवंडून कडक झालेली असते. पट्ट्यांत मूठ घालून बघा. मूठ मावत नसेल किंवा कड्या नटबोल्टने बसवल्या असतील, तर ती ढाल भिंतीसाठीच घडवलेली आहे.

आता सोन्याचं काम. हे मी फार लहानपणी शिकले, तेही एका नुकसानीतून. आमच्या घरी एक पोलादी ढाल होती. दरवर्षी खंडेनवमीला आजी ती चिंच आणि राखेने घासून लखलखीत करायची, मग हळद-कुंकू वाहायची. मी दहा वर्षांची होईपर्यंत कडेची अर्धी वेल नाहीशी झाली होती. आजोबांनी भिंग हातात दिलं, तेव्हा सोनं गेलेल्या जागी पोलादावर चाळणीसारख्या बारीक आडव्यातिडव्या रेघा दिसल्या. हीच कोफ्तगिरी. कारागीर आधी पोलाद असं खरवडून घेतो, मग त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतो. तार त्या रेघांना धरून राहते. ती वेल परत आली नाही, आणि मला अजून तिची हळहळ वाटते.

तुमच्या फोटोत झिजलेल्या जागी या रेघा नाहीत. सोनेरी रंग खोलगट भागातही सारखाच पसरलाय, म्हणजे तो मुलामा असावा. चित्रांमागची जमीन सगळीकडे एकाच खोलीची आणि रवाळ आहे. हे तेजाबाचं, म्हणजे आम्लाने पोलाद खाऊन कोरलेलं काम आहे, छिन्नीच्या खुणा कुठे दिसत नाहीत. सूर्यमुख, शिकारी आणि फारसी पट्ट्या असलेल्या ढाली एकोणिसाव्या शतकात इराणात आणि उत्तर हिंदुस्थानात खास दिवाणखान्यांसाठी पुष्कळ बनल्या. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांकडे गेल्यावर सियालकोटचे कोफ्तगारही साहेबांसाठी पेट्या आणि दौती मढवू लागले. त्यामुळे १७६१ च्या पानिपताची गोष्ट मला या ढालीशी जुळवता येत नाही. तिचं वय शंभर-सव्वाशे वर्षं निघूही शकेल. वस्तू देखणी आहे, आवडली तर जरूर घ्या, पण सरदाराच्या नावाचे पैसे मोजू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराची ढाल आहे. एकदा तिच्यासमोर अर्धा तास उभे राहा, मग ही पुन्हा हातात घ्या.

मुलीचं मात्र आधीच सांगते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू तुम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. ती त्याहून नवी असली, तरी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा तसा दाखला काढूनच पाठवा. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. विकणारा व्यापारी असेल तर परवाना बघा आणि पावतीवर ढालीचं वर्णन लिहून घ्या. आणि ‘याहून भारी, गेंड्याच्या कातड्याची आहे’ असं म्हणत त्याने दुसरी पुढे केली, तर तिथून उठा. वन्यजीव कायद्याने तिचा व्यवहार बंद आहे.

घेतलीत तर चिंच, लिंबू, राख यांपैकी काही लावू नका. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. खंडेनवमीला ढालीशेजारी सुपारी मांडा आणि हळद-कुंकू त्या सुपारीला वाहा.