स्टील शिकायच्या आधी ही माणसं ऐक

प्रिय,

तुझा मेल मिळाला, खूप आनंद झाला. सेकंडहँड का होईना पण दहा तारांची पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची आणि पायाच्या पेडलने सूर बदलायची गिटार, घेतलीस, आणि तीही टेक्सासमध्ये राहून, अजून काय पाहिजे! तू विचारलंयस की आधी कुठले लिक्स, म्हणजे छोट्या ठराविक जागा, बसवू आणि स्टीलचा उस्ताद बडी एमन्ससारखं फास्ट वाजवायला किती वर्षं लागतील. माझं ऐकशील तर तो प्रश्न सध्या बाजूला ठेव. आधी जुन्या कंट्री म्युझिकमधली स्टील वाजवणारी माणसं नीट ओळखीची करून घे, कारण हे वाद्य यूट्यूबवरच्या टॅबमधून जेवढं कळतं त्याच्या दसपट त्यांच्या साथीतून कळतं.

साथ म्हणतोय, सोलो नाही. कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिल, तिथल्या पन्नास-साठच्या दशकातल्या सिंगल रेकॉर्ड बघ, गायकाचं नाव ठळक, गाणं लिहिणाऱ्याचं नाव कंसात, आणि स्टील कोणी वाजवली याचा बहुतेक वेळा पत्ताच नाही. म्हणजे ज्या सुरावरून माणूस दोन सेकंदांत गाणं ओळखतो तो सूर कोणाचा हे विकत घेणाऱ्याला कळायची सोयच नव्हती. मला याचं आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी नावं पाठ करायला लावतो, आणि नुसती नावं नाही, हात ओळखायला लावतो. आपल्याकडे जुन्या नाट्यगीतात ऑर्गनवर कोण बसलंय हे जाणकार पहिल्या सुरात सांगायचे ना, तेवढा कान तयार झाला पाहिजे.

सुरुवात डॉन हेल्म्सपासून कर. अलाबामाचा माणूस, गायक हँक विल्यम्सच्या ड्रिफ्टिंग काउबॉइज या बँडमध्ये होता, हँकच्या शंभरच्या वर रेकॉर्डवर त्याची स्टील आहे. आणि गंमत म्हणजे त्याच्या वाद्याला पेडल नव्हतेच, गिब्सनची दोन नेकवाली कन्सोल ग्रँड, नुसता बार आणि हात. 'युअर चीटिन हार्ट' लाव. सप्टेंबर 1952 चं रेकॉर्डिंग, हँकचं शेवटचं सेशन ते, 1 जानेवारी 1953 ला तो गेला. गाणं सुरू होतं तेच हेल्म्सच्या उंच, धारदार सुराने, पण खरं ऐकायचं ते पुढे, हँकचं तोंड उघडलं की स्टील कशी मागे सरकते आणि ओळ संपली की नेमकी कशी वर येते. हँकचा आवाज जिथे असायचा तिथे हेल्म्स जायचाच नाही, तो त्याच्या वरच्या पट्टीत राहायचा. दोघांची कधी धक्काबुक्की नाही. हेडफोन लावून फक्त स्टीलच्या मागे जा, आणि हेल्म्स कुठे गप्प आहे ते कागदावर लिही. वाजवलेलं कुठे आहे ते नंतर.

हेल्म्सनंतर जेरी बर्ड. ओहायोतल्या लायमाचा. 'आय एम सो लोनसम आय कुड क्राय' 1949 मध्ये सिनसिनाटीत रेकॉर्ड झालं त्यावर स्टील बर्डची आहे, खूप जण तीही हेल्म्सची समजतात. बर्डने पेडल कधी जवळ केले नाहीत. त्याचं सगळं सामर्थ्य बारच्या हातात, सूर लागला की मगच बार हलका थरथरवायचा, आधी नाही. तुझ्या पिढीतली बरीच मुलं सूर लागायच्या आतच व्हायब्रेटो सुरू करतात, त्याने बेसूर लपतो असं वाटतं पण लपत नाही. स्टीलला पडदे नसतात, फक्त रेघा असतात, आणि बार रेघेच्या बरोबर वर आला नाही तर माफी नाही. तुझ्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप असेलच, ते ई मध्ये लाव आणि रोज थोडा वेळ एकच तार, एकच सूर, व्हायब्रेटोशिवाय. कंटाळवाणं आहे, पण कर.

हे वाद्य मुळात हवाईचं, हे तुला माहीतच असेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूने गिटार आडवी ठेवून तारांवर लोखंड फिरवायची पद्धत बसवली असं मानतात. तिथून ती अमेरिकेत गेली, आणि आपल्याकडेही आली, वॅन शिपली, हजारा सिंग यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्ड तुझ्या आजोबांच्या कपाटात सापडतील बघ, आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर त्यावर राग वाजवला. तेव्हा मींड तुला परकी नाही, मींडेचा कान घेऊनच तू या वाद्याकडे आलीयेस. आणि जेरी बर्ड, तो 1972 मध्ये नॅशव्हिल सोडून होनोलुलूला कायमचा गेला आणि तिथल्या पोरांना स्टील शिकवत बसला. जिथून वाद्य आलं तिथेच ते परत रुजवायला गेला, मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

आता पेडल. 1954 मध्ये गायक वेब पिअर्सचं 'स्लोली' हिट झालं, त्यावर बड आयझॅक्सने पेडल स्टील वाजवली. पेडल त्याच्या आधीही होते, पण ते दोन सुरांच्या मधल्या वेळात ट्यूनिंग बदलायला वापरायचे. आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबला, आणि कॉर्डमधले काही सूर जागच्या जागी राहिले आणि बाकीचे आतल्या आत वर चढले. नुसत्या बारने हे होत नाही, बार सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा एकदम सरकतात. हे ऐकून देशभरातल्या स्टीलवाल्यांची झोप उडाली आणि जो तो आपल्या गिटारीला पेडल बसवायच्या मागे लागला.

तुझ्या ई नाईन ट्यूनिंगवर, म्हणजे दहा तारा लावायच्या नेहमीच्या पद्धतीवर, हे स्वतः करून बघ. ई ला सा धर. ए नावाचा पेडल प चा ध करतो. बी पेडल ग चा म करतो. दोन्ही एकदम दाबलेस की सा ग प चं सा म ध झालं, सा तिथेच आणि आजूबाजूचं सगळं बदललं. हळू दाब, अगदी हळू, आणि मधला प्रवास ऐक. कंट्रीमध्ये ज्याला लोक रडणारी स्टील म्हणतात ती बरीचशी या दोन पेडलांमध्ये आहे.

हे दोन पेडल वेगळे करण्याचं श्रेय बडी एमन्स आणि जिमी डे यांना जातं, आयझॅक्सकडे दोन्ही बदल एकाच पेडलवर होते. म्हणून आजही दोन सेटअप चालतात, एमन्सचा डावीकडून ए बी सी (सी हा तिसरा पेडल) आणि डेचा उलटा, सी बी ए. तुझी गिटार सेकंडहँड आहे, तेव्हा कुठला सेटअप आहे ते आधी बघ, नाहीतर व्हिडिओ बघून भलताच पेडल दाबत बसशील.

एमन्सबद्दल लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही. इंडियाना राज्यातला, 1937 चा जन्म, लहानपणी साउथ बेंडच्या हवाईयन म्युझिकच्या शाळेत शिकला, 1955 मध्ये अठराव्या वर्षी गायक लिटल जिमी डिकेन्सच्या बँडमध्ये, मग अर्नेस्ट टब, मग रे प्राइस या गायकांकडे. शॉट जॅक्सनबरोबर शो-बड गिटारी काढल्या, नंतर स्वतःच्या नावाची कंपनी काढली, आणि तुझ्या गिटारीत वरच्या बाजूला त्या दोन जरा विचित्र क्रमातल्या तारा आहेत ना, त्या त्याने घातल्या. 1963 मध्ये स्टीलवर जॅझचा आख्खा अल्बम केला. 2015 मध्ये गेला. पण तुला भुरळ पडलीय ती त्याच्या स्पीडची, आणि मी सांगतो, रे प्राइसच्या मागे संथ गाण्यात तो काय करतो ते ऐकल्याशिवाय त्याच्या स्पीडला हात लावू नकोस.

रे प्राइसवरून आठवलं, त्याचं 'क्रेझी आर्म्स' 1956 मध्ये कंट्रीच्या यादीत वीस आठवडे पहिल्या नंबरवर होतं. त्यावर स्टील जिमी डेची, पण ते गाणं ज्या दोघांनी लिहिलं त्यातला एक राल्फ मूनी, म्हणजे तोही स्टीलवालाच! मूनी कॅलिफोर्नियात वाजवायचा, तिकडच्या बेकर्सफील्ड गावचा आवाज नॅशव्हिलपेक्षा कडक, टोकदार, नाचायच्या हॉलमध्ये ऐकू जाईल असा. पुढे वीसेक वर्षं तो गायक वेलन जेनिंग्सबरोबर होता.

त्याच बेकर्सफील्डच्या गायक बक ओवेन्सकडे टॉम ब्रमली स्टीलवर होता. 1964 चं 'टुगेदर अगेन', त्यातला त्याचा सोलो मला या सगळ्या वाद्यसंगीतात सर्वात प्रिय आहे. त्यात एकही फास्ट जागा नाही. कॉर्ड उचलतो, पेडलने आतून फिरवतो, व्हॉल्यूम पेडलने सूर मरू देत नाही आणि पुढच्या कॉर्डवर ठेवतो, बस. ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या जेरी गार्सियावरही या सोलोचा इतका परिणाम झाला की तो पेडल स्टीलकडे वळला. इथे व्हॉल्यूम पेडलकडे लक्ष दे. तो आवाज मोठा करायला नसतो. तार छेडताना अर्ध्यावर ठेव आणि सूर विरायला लागला की तेवढाच हळूहळू दाबत जा. नवीन माणूस दर सुराला पाय पंपासारखा मारतो, ती सवय लागू देऊ नकोस, नंतर सुटत नाही.

पीट ड्रेक आणि जॉन ह्युई यांची नावंही लिहून ठेव. ड्रेकची स्टील गायिका टॅमी वायनेटच्या 'स्टँड बाय युअर मॅन'वर आहे, बॉब डिलनबरोबर आहे, आणि 1970 मध्ये त्याला जॉर्ज हॅरिसनने लंडनला बोलावून घेतलं होतं. ह्युई वीस वर्षं गायक कॉनवे ट्विटीबरोबर, अगदी वरच्या रेघांवर, जिथे बार केसभर हलला तरी सूर जातो, तिथे तो आरामात वावरायचा. त्याच्याकडे वर्षभराने जा, आत्ता हात खराब होईल.

तर महिनाभर एवढंच, हेल्म्सचं एक गाणं आणि ब्रमलीचा एक सोलो. हेल्म्स बसव पण कोणीतरी गात असताना, एकटीने नाही. तुझी रूममेट गाते म्हणालीस ना, तिला बसव समोर. ती श्वास कुठे घेते ते बघ आणि तिथेच वाजव, बाकी वेळ हात तारांवरून उचल. मग फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव, जसं असेल तसं, एडिट न करता. आणि पेडलच्या रॉडचे नट सैल असतील तर आधी दुकानात दाखव, स्वतः पिळत बसू नकोस.

तुझा
काका