नवरा चाळिशीत खेळणी जमवतो, काळजी करावी का?

"ह्यांचं वय 43. मुलगा नववीत गेला. आणि हे रात्री बारा-एकपर्यंत मोबाइलवर खेळण्यातल्या मोटारी बघत बसतात. ह्याला वेड म्हणायचं का, सांगा की." सोलापुरात विजापूर रोडवर राहणाऱ्या एका बाईंनी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत मला विचारलेला हा प्रश्न. थोड्याफार फरकाने तो बऱ्याच घरांतून येतो. कुठे मोटारींच्या जागी पितळेची भातुकली असते, कुठे काडेपेटीचे छाप, कुठे नवऱ्याच्या जागी बायको किंवा मोठा दीर. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

उत्तर आधीच सांगते: मोठेपणी खेळणी जमवणं हा आजार नाही. जुन्याची ओढ लागणं हाही नाही. 1688 मध्ये योहानेस होफर या तरुण स्विस वैद्यकाने आपल्या प्रबंधात घराच्या ओढीला रोग ठरवलं होतं आणि पुढे बराच काळ वैद्यकशास्त्र तसंच मानत आलं. आता चित्र उलटं आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या सेडिकीडिस आणि वाइल्डशट यांच्या संशोधनात दिसलं, की माणूस एकटा पडला किंवा खचला की जुन्या आठवणींकडे वळतो, आणि त्या आठवणींनी त्याला पुन्हा आपण कुणाचे तरी आहोत असं वाटतं. म्हणजे ही ओढ मनाचा आधार आहे. म्हणूनच "हे सोडवा" अशी मागणी आली तरी ती लगेच मान्य करू नये. आधी तपासायचं ते असं: ओढ कधी लागते, आणि खरेदीने ती भागते का?

या घरात जागेची तक्रार नव्हती. एक कपाट आणि माळ्यावर दोन खोकी, एवढाच पसारा. साठवणुकीचा विकार वेगळा असतो. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी ग्रंथात, तो स्वतंत्र निदान म्हणून आला. त्यात वस्तू टाकून देताना जीव कासावीस होतो, रिकामी वेष्टणंसुद्धा सोडवत नाहीत, आणि हळूहळू स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर वापरता येईनासं होतं. इथे गृहस्थांना आपल्या 140 गाड्यांतली प्रत्येक गाडी कुठल्या सालातली, कुठल्या रंगात आली हे पाठ होतं, आणि दुहेरी झालेल्या गाड्या ते हसत देऊन टाकायचे. हा संग्राहकच. दुखणं दुसरीकडे होतं. पार्सलं घरी न येता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात, त्यांच्या हिशेब विभागात यायची. क्रेडिट कार्डावर 64,000 रुपये थकले होते आणि दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरली जात होती. बाईंना आकड्यापेक्षा लपवाछपवीचा चटका जास्त बसला होता, आणि माझ्या मते तो रास्त होता.

आणखी एक गोष्ट लक्ष वेधून घेणारी होती. 140 पैकी 58 गाड्यांची पाकिटं उघडलेलीच नव्हती. संग्राहक पुठ्ठ्याच्या कार्डवरची गाडी मुद्दाम बंद ठेवतात, त्याला किंमत जास्त येते, हे खरं. पण यांनी किंमत राखायला म्हणून ती ठेवली नव्हती. पार्सल आलं की त्यातली मजाच संपायची.

हिशेबनीस माणसाला वहीच जमते, म्हणून चार आठवडे एक वही ठेवायला सांगितली. रकाने पाच: वेळ, आधीच्या तासाभरात काय घडलं, मन किती जड होतं (0 ते 10), काय मागवलं आणि कितीला, आणि वस्तू हातात आल्यावर आनंद किती वेळ टिकला. शेवटचा रकाना लोक टाळतात, पण सगळ्यात जास्त तोच बोलतो. वहीत दिसलं ते असं: बहुतेक खरेदी रात्री अकरानंतर, महिनाअखेरीचे हिशेब बंद करायच्या दिवसांत, आणि मन 7 च्या वर जड असताना. आनंदाच्या रकान्यात "रात्रीपुरता", "पार्सल येईपर्यंत" असे शेरे.

यात बाजाराचाही हात आहे. हॉट व्हील्स या खेळण्यातल्या मोटारींच्या ब्रँडच्या साध्या गाड्यांमध्ये 1995 पासून मोजक्या 'ट्रेझर हंट' गाड्या मिसळल्या जातात, 2007 पासून त्याहून दुर्मीळ 'सुपर' प्रकारही येतो. दुकानातल्या कुठल्या खुंटीवर ती निघेल, सांगता येत नाही. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं की हात थांबत नाही. जुगाराच्या यंत्रामागेही हेच सूत्र असतं. त्यात ऑनलाइन गटांवर "शेवटचा एकच पीस" अशी घाई. माणूस दुबळा म्हणून अडकतो, असं समजू नका. मांडणीच अडकवणारी आहे.

आता वहीतल्या जड मनाकडे. गृहस्थांच्या वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती. वडील गिरणीत होते. नव्वदच्या दशकात सोलापुरातल्या गिरण्या बंद पडत गेल्या त्यात त्यांची नोकरी गेली आणि घर आईच्या विड्या वळण्यावर आलं. त्याआधी दर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत, वडील मुलाला एक खेळणं घ्यायचे. शेवटचं होतं ते पत्र्याच्या, मेणबत्तीवर चालणाऱ्या बोटीचं. पुढच्या साली गड्ड्याला गेले ते नुसतं बघायला. मोटारी मात्र या गृहस्थांकडे लहानपणी कधीच नव्हत्या, त्या आत्येभावाकडे होत्या. म्हणजे जमवत होते ते आपल्या बालपणात नसलेलं, आणि आठवत होते ते वेगळंच. हे असं पुष्कळदा होतं. हरवलेली वस्तू आणि कधीच न मिळालेली वस्तू, या दोन्हींची ओढ सारखीच लागते, पण दुसरीचा संग्रह पुरा होत नाही, कारण कुठे थांबायचं हे सांगणारी आठवणच नसते.

वडिलांविषयी बोलण्यात पाच-सहा बैठका गेल्या. त्यांतलं इथे सांगण्यासारखं थोडं आहे. बोटीचं मात्र सांगते. ती कशी चालायची हे विचारल्यावर गृहस्थ सलग वीस मिनिटं बोलले. ड्रॉपरने एका नळीतून पाणी भरायचं, दुसऱ्या नळीतून बाहेर येईपर्यंत. आत हवा राहिली तर बोट हलत नाही. मग बोट पाण्यात सोडून तेलात भिजवलेला कापूस किंवा बुटकी मेणबत्ती पत्र्याच्या डबीखाली ठेवायची. वाफ पाणी ढकलते, पाणी परत आत खेचलं जातं, वरचा पातळ पत्रा टर्र टर्र वाजतो. डबीत पाणी नसताना ज्योत ठेवली की डाख वितळून सांधा सुटतो. तसंच झालं होतं आणि वडिलांनी तो पुन्हा डाखून दिला होता. त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच आठवडाभर वहीत खरेदीची नोंद नव्हती. मुलालाही त्यांनी ही बोट कशी चालवायची ते दाखवलं.

नियम ठरवले ते नवरा-बायकोने एकत्र बसून. घरखर्च, फी आणि कार्डाचा हप्ता बाजूला काढल्यावर महिन्याला 1,500 रुपये. उरले तर पुढे ओढायचे, पण तीन महिन्यांपेक्षा जास्त साठवायचे नाहीत. जागा एकच, काचेचं कपाट. ते भरलं की नवीन आलं तर जुनं एक जाणार. प्रत्येक खरेदीआधी 72 तास थांबायचं: वस्तूचा फोटो फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि तीन दिवसांनी सकाळी, चहा झाल्यावर, उघडून पाहायचा. रात्री निर्णय नाही. "मर्यादित आवृत्ती"लाही सूट नाही, कारण फसवणूक बरोबर त्याच सवलतीतून होते. आणि पार्सल घरीच येणार.

दुसऱ्या महिन्यात गाडी घसरली. बाईंनी काळजीपोटी कार्ड स्वतःकडे ठेवलं, तर सहकाऱ्याला रोख देऊन त्याच्या खात्यावरून खरेदी सुरू झाली. पहारा बसवला की लपवणं आणखी हुशार होतं. कार्ड परत दिलं आणि दर रविवारी दहा मिनिटं वही दोघांनी मिळून बघायची ठरवलं. प्रश्न विचारायचे, शेरे मारायचे नाहीत. घरच्यांना एक कळकळीची विनंती आहे: माणूस कामावर गेला असताना त्याचा संग्रह भंगारात घालू नका. साठवणुकीच्या विकारातसुद्धा अशी परस्पर सफाई उलटते. विश्वास जातो आणि जमवणं दुप्पट होतं.

बंद पाकिटांपैकी 40 गाड्या विकायच्या ठरल्या. पुठ्ठ्याच्या कार्डचे कोपरे दुमडलेले नसतील आणि गाडीवरचा प्लॅस्टिकचा फुगा पिवळा पडला नसेल तर भाव बरा येतो. लूज, म्हणजे पाकिटाबाहेरची गाडी गठ्ठ्याने विकावी लागते. दिलेले सगळे पैसे परत येतील अशी आशा धरू नये. जे आले ते आधी क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत गेले, कारण महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज संग्रहाच्या कुठल्याही भाववाढीला गिळून टाकतं.

हाताला काम मात्र हवंच होतं. ते दुरुस्तीतून मिळालं. आत्येभावाच्या माळ्यावर फनस्कूल कंपनीच्या जी. आय. ज्यो या सैनिक बाहुल्या पडून होत्या, पावणेचार इंचाच्या, कंबरेतून सुटलेल्या. या बाहुलीचं धड आणि पाय आत एका रबरी कडीने बांधलेले असतात आणि वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने ती कडी ठिसूळ होऊन तुटते. पाठीचा स्क्रू बारीक चौफुली पेचकसाने काढायचा, दोन्ही भाग उघडताना हात आणि डोकं कसं बसलं होतं याचा फोटो घ्यायचा, जुन्या कडीच्या मापाची नवी ओ-रिंग पायांच्या धातूच्या हुकात अडकवून छातीतल्या खुंटीवर चढवायची. स्क्रू फार आवळला की प्लॅस्टिकचे आटे जातात. बंदूक हातात जोरात खुपसली की अंगठा मोडतो. कोमट पाण्यात हात दोन मिनिटं धरून मग बसवावी.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो, तेव्हा गच्चीखालचा माळा खेळण्यांना सगळ्यात वाईट. मऊ पीव्हीसीतून तेलकट द्रव्य पाझरून बाहुल्या चिकट होतात, रबरी टायर प्लॅस्टिकच्या तळाला लागून तिथे डाग वितळवतात. खालच्या कपाटात, उन्हापासून दूर, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावं. सेल आधी काढून ठेवावेत. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर कापसावर व्हिनेगर घेऊन पुसावं, साध्या झिंक-कार्बन सेलला खायचा सोडा. हातमोजे घालावेत.

समुपदेशनाने भागणार नाही अशाही जागा असतात. झोप दोन-तीन तासांवर आली तरी माणूस तरतरीत, बोलणं भरधाव आणि खर्च अचानक सुसाट, असं दिसलं तर आठवडाभरही न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. खरेदीसाठी उसनवारी किंवा दागिने गहाण, खोल्या वापरता न येणं, किंवा "जगून काय करायचं" असे उद्गार, हेही तसंच. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी फोन क्रमांक आहे.

बाईंचा शेवटचा प्रश्न भाच्याबद्दल होता: तीन वर्षांच्या पोराला जुन्या गाड्यांशी खेळू द्यावं का? देऊ नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि लहान मुलं सगळं तोंडात घालतात. सुटणारी चाकं घशात अडकण्याची भीती वेगळीच. त्याच्यासाठी आयएसआय चिन्ह असलेलं नवं खेळणं घ्यावं. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. काचेच्या कपाटाला कुलूप लावावं आणि किल्ली वरच्या फळीवर ठेवावी.